पंचमामा बाहेर जाऊन बसले

आमच्या पंचमामांना सूर म्हणजे काय असतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. आणि आमच्या चर्चच्या मंडळीत गाणं सुरू करायचा मान पंचाचा! दर रविवारी मामा उभे राहायचे, डोळे मिटायचे, छाती भरून श्वास घ्यायचे आणि पहिली ओळ अशा काही पट्टीत उचलायचे की पेटीवर बसलेला आमचा स्तेफन कपाळाला हात लावायचा. ती पट्टी त्याच्या पेटीत नव्हतीच. मग दुसऱ्या ओळीपासून सगळी मंडळी जिवाच्या आकांताने गायला लागायची, केवळ मामांचा आवाज झाकायला. बाहेरून आलेले पाहुणे म्हणायचे, काय आवेशाने गाते हो तुमची मंडळी! आम्ही मूग गिळून गप्प. एकदा मीच धीर करून म्हटलं, "मामा, सुरुवात स्तेफनला करू द्या ना. त्याचा गळा गोड आहे." मामा हसले. म्हणाले, "तो गायला तर तुम्ही ऐकत बसाल, बाय. मी गातो म्हणून तुम्ही गाता." आता बोला! म्हणजे माणसाला सगळं ठाऊक होतं.

पंच म्हणजे ग्रामपंचायतीतला नव्हे, मंडळीतला. तलासरीहून झरीकडे जाताना आत वळलं की आमचा पाडा. तिथे आमचं पत्र्याचं चर्च, पुढे मोठी चिंच. पाड्यातली थोडी घरं मंडळीतली, बाकीची आपल्या जुन्या देवांची, आणि सगळी एकमेकांची सोयरी. एवढ्याशा मंडळीला कायमचा पाळक कोण देणार? महिन्यातून एका रविवारी डहाणूहून पाळकसाहेब यायचे, प्रभुभोजन द्यायचे, कारण ती भाकर मोडायचा अधिकार त्यांचाच, आणि दुपारी जेवून मोटरसायकलला किक मारायचे. बाकी सगळा महिना पंचाचा. चर्च झाडा, घंटा वाजवा, बायबलमधलं वचन वाचा, आजाऱ्याच्या उशाशी बसा, कुणी गेलं तर खड्डा खणायला माणसं जमवा, आणि हे सगळं बिनपगारी. पोटासाठी मामा सरावलीजवळच्या एका चिकूच्या वाडीत कामाला जायचे आणि संध्याकाळी पिशवीत पडके चिकू घेऊन परतायचे. मी त्यांना एकदा विचारलं होतं, पाळक मोठा की पंच? "पाळकच मोठा," ते म्हणाले. "पण तो येतो नि जातो. पंच इथंच राहतो. त्याचं सगळं लोकांना दिसतं."

मामांचं खरं काम म्हणजे भांडणं मिटवणं, आणि त्याची त्यांची एक रीत होती. कुणाचं वाजलं की सोमवारी संध्याकाळी मामा पिशवी घेऊन त्या घरी हजर. ना उपदेश, ना वचन. ओट्यावर बसायचे, भाताची, बकऱ्यांची, कुणाच्या गुडघ्याची चौकशी करायचे. घरातली बाई शेवटी म्हणायचीच, मामा, जेवून जा. की मामा लगेच, "मी जेवल्याशिवाय उठणार नाय, आणि तू समेट केल्याशिवाय मी जेवणार नाय." आता पंच उपाशी बसलाय म्हटल्यावर घरातल्यांच्या घशाखाली घास कसा उतरणार? शेवटी लोक वैतागून समेट करायचे. माझ्या थोरल्या काकूने आपल्या जावेशी असाच समेट केला होता, आणि वर म्हणाली होती, "हा माणूस गेला की पुन्हा भांडू." पण पुन्हा भांडायला तिला सवड झाली नाही ती नाहीच.

ही भांडणं मामांना कळायची कशी, तर आमच्याकडच्या एका रिवाजामुळे. प्रभुभोजनाच्या रविवारी, भाकर मोडण्याआधी, पंचाने पुढे उभं राहून सांगायचं, "ज्याचा कुणाशी तंटा असेल त्यानं मेजाशी येऊ नये. आधी समेट करावा." मग ज्यांच्या मनात काही असेल ते गुपचूप उठायचे आणि बाहेर चिंचेखाली जाऊन बसायचे. बसणाऱ्याला काही शिक्षा नाही, कुणी बोलायचं नाही. पण डोळे मिटून प्रार्थना करणारी सगळी मंडळी एक डोळा किलकिला करून दाराकडे बघत असायची, हे मी रविवारी मुलांना शिकवणारी शब्बाथशाळेची बाई म्हणून शपथेवर सांगते. मागच्या चटईवरून मला सगळं दिसायचं. कोण उठलं, कोण उठता उठता पुन्हा बसलं, कुणाची सून बाहेर गेली आणि सासू आतच राहिली. दुपारच्या जेवणाआधी बातमी पाडाभर.

मामा तसे मोकळे. चैत्रात विवळवेढ्याच्या देवीच्या जत्रेला ते दरवर्षी जायचे. पावसाळ्यासाठी सुके बोंबील, मामींना चाळण, झालंच तर एखादी कोयती घेऊन यायचे. आमच्यातले शिमोनकाका फार कडक. त्यांना ते खपायचं नाही. त्यांनी एकदा भर सभेत विचारलं, "पंचानं जत्रेत फिरावं का?" मामा शांतपणे म्हणाले, "देवळात मी जात नाय, शिमोन. पण जत्रेत माझी आत्या भेटते. तिला काय सांगू, तू मेलीस मला?" सभा हसली, शिमोनकाका खाली बसले. असा हा माणूस. म्हणूनच पुढे त्यांच्या हातून जे झालं ते मला आजही पटत नाही.

मामांचा धाकटा भाऊ देवजी. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. देवजीकाकाही मंडळीतले, त्यांची बायकोही. पण तिची आई जुन्या रीतीची, आणि साधीसुधी नव्हे, धवलेरी. आमच्या वारली लग्नात धवलेरीशिवाय पान हलत नाही. लग्नाची गाणी तीच गाते, लग्न लावते तीच. पूर्वेला डोंगराकडच्या तिच्या पाड्यापासून थेट आमच्यापर्यंत कितीतरी लग्नं तिच्याच आवाजात लागलेली. आम्ही सगळेच तिला आजी म्हणायचो. देवजीकाकांच्या रेश्माचं लग्न ठरलं तेव्हा आजी आली आणि म्हणाली, "लग्न तुमच्या देवाच्या घरात लावा, माझं काय म्हणणं नाय. पण नातीच्या भिंतीवर चौक मी काढणार. बिनचौकाच्या घरातून पोर कशी पाठवू?" चौक म्हणजे तांदळाच्या पिठाने लग्नाच्या घरात काढायचं चित्र. देवजीकाका हो म्हणाले. मामाही तेव्हा काही बोलले नाहीत.

लग्नाच्या आदल्या दिवशी आजीने चौक काढला. म्हातारीचा हात थरथरायचा, पण पिठात बुडवलेली काडी भिंतीला लागली की थरथर थांबायची. सवाशिणी बाजूला बसून किनारीचे ठिपके भरत होत्या, आणि आजी गुणगुणत होती. मीही तासभर तिथेच बसून होते. गेरूच्या लाल भिंतीवर तो पांढरा चौक असा काही उठून दिसत होता की रेश्मा दर पाच मिनिटांनी आतून येऊन बघून जायची.

आणि मग मामांच्या मनात भीती शिरली. वरपक्ष वापीकडचा, मोठ्या मंडळीतला. त्यांच्यात म्हणे असल्या गोष्टी अजिबात चालत नाहीत. शिमोनकाकांनी संध्याकाळी येऊन कानात सांगितलं, "पंचाच्या सख्ख्या भावाच्या घरात चौक बघून ते काय म्हणतील? आपली मंडळी कच्ची म्हणतील." लोक काय म्हणतील, या एका वाक्यापुढे भल्याभल्यांची मती गुंग होते, ती मामांचीही झाली. लग्नाच्या दिवशी सकाळी, आजी ओहळावर अंघोळीला गेलेली असताना, मामांनी शेण कालवलं आणि भावाची भिंत आपल्या हाताने सारवून टाकली. सगळी. चौकाचा एक ठिपका ठेवला नाही.

आजी परत आली. ओल्या भिंतीकडे तिने बघितलं. मामा तिथेच उभे होते, हात शेणाने भरलेले. एखादीने आकाशपाताळ एक केलं असतं. आजीने आपलं गाठोडं उचललं, काठी घेतली आणि चालू लागली. रेश्मा रडत मागे धावली, देवजीकाका धावले, पण ती थांबली नाही. लग्नाचं न जेवता म्हातारी आपल्या पाड्याला गेली.

लग्न झालं. वापीकरांनी भिंतीकडे ढुंकूनही बघितलं नाही, त्यांचं सगळं लक्ष कोंबडीच्या रश्श्याकडे. पाळकसाहेबांना मात्र शिमोनकाकांनी सकाळची हकिकत रंगवून सांगितली आणि साहेबांनी सगळ्यांदेखत मामांच्या खांद्यावर थाप मारली. "पंच असावा तर असा!" माझ्या नाकावर राग असतो हे सगळा पाडा जाणतो. मी तिथल्या तिथे मामांना गाठलं आणि म्हटलं, "मामा, सारवायचंच होतं तर स्वतःचं घर सारवायचं होतं." मामांचा चेहरा उतरला. "तुला कळत नाय, बाय," एवढंच म्हणाले. दुसऱ्या रविवारपासून देवजीकाकांच्या घरातलं कुणी चर्चला आलं नाही.

मग आला प्रभुभोजनाचा रविवार. मामांनी नेहमीप्रमाणे घंटा वाजवली, बेसूर गाणं सुरू केलं, वचन वाचलं. पाळकसाहेब मेजापाशी उभे राहिले. मामा पुढे झाले आणि दरवेळचं वाक्य म्हणाले, "ज्याचा कुणाशी तंटा असेल त्यानं मेजाशी येऊ नये." आणि थांबले. मग हातातला रुमाल त्यांनी मेजावर नीट घडी करून ठेवला, चटयांमधून चालत दारापर्यंत आले, चपला घातल्या आणि चिंचेखाली जाऊन बसले.

त्या दिवशी कुणी एक डोळा किलकिला केला नाही. सगळ्यांचे दोन्ही डोळे टक्क उघडे. पंच बाहेर! असं कधी झालंच नव्हतं. पाळकसाहेब गोंधळले, दोनदा प्रार्थना चुकले. उपासना संपल्यावर तरातरा चिंचेखाली आले. मी तिथेच होते, मुलांना पाणी देत.

"पंच, हे काय चाललंय? तुमचा कुणाशी तंटा?"

"देवजीच्या सासूशी."

साहेबांना हायसं वाटलं. "अहो, ती म्हातारी आपल्या मंडळीतली नाही. हा नियम आपल्या भावाबहिणींसाठी आहे."

मामांनी वर बघितलं. "असं कुठं म्हटलंय, साहेब? समेट फक्त आपल्यातल्याशी करा म्हणून? मी इतकी वर्षं वाचतोय, मला सापडलं नाय. तुम्ही शिकलेले, तुम्ही दाखवा."

साहेबांनी दुसरी बाजू धरली. "लोक काय म्हणतील? पंचच बाहेर बसला तर मंडळीचं काय?"

"लोक काय म्हणतील म्हणून तर हे झालं," मामा म्हणाले. "आता परत त्याच वाटेनं नको."

तेव्हा मला या माणसाचा जो अभिमान वाटला तो आजतागायत उतरलेला नाही. चुकल्यावर आतल्या आत खंत करणारे खूप असतात. पण जिथे आपला मान, तिथून सगळ्यांदेखत उठून बाहेर जायचं, तेही सगळे पाठ थोपटत असताना! मी घरी जाऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आता खरा पंच झाला."

मामांनी पंचाचं एकही काम सोडलं नाही. झाडायचे, घंटा वाजवायचे, गायचे, पण प्रभुभोजनाच्या रविवारी ते वाक्य म्हणून स्वतःच बाहेर जायचे. पावसाळ्यात चिंचेखाली बसवेना म्हणून पत्र्याच्या वळचणीला पोतं पांघरून बसले. आतून आमचं गाणं चालू, आणि बाहेरून मामांचा बेसूर आवाज त्यात मिसळलेला. मामींचे डोळे पुसून पुसून लाल. आणि गंमत सांगू? त्या काळात दुसरं कुणीच बाहेर जाईना. मामांच्या शेजारी जाऊन बसायची लाज वाटायची ना! लोक शनिवारीच एकमेकांच्या घरी जाऊन समेट करून टाकायचे. ओट्यावर उपाशी बसून मामांनी मिटवली नसतील एवढी भांडणं वळचणीला बसून मिटवली.

पण त्यांचं स्वतःचं काही मिटत नव्हतं. आजीकडे ते पहिल्यांदा गेले तेव्हा तिने पाणी दिलं आणि पाठ फिरवून नाचणी पाखडत बसली. दुसऱ्यांदा चिकू घेऊन गेले. वाडीतले पडके नव्हे, चांगले निवडून. आजीने ते त्यांच्यादेखत बकरीला घातले. मामांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मामी रडत होत्या आणि मामा म्हणत होते, "बकरी मात्र खूश झाली हो." तिसऱ्यांदा मी त्यांना माझ्या स्कूटीवर घेऊन गेले. वाटेभर मामा मागे बसून काय बोलायचं ते पुटपुटत होते.

आजी दारातच बसली होती. मामा जमिनीवर बसले आणि बोलायला लागले. क्षमेवर बोलले, पश्चात्तापावर बोलले, चांगलं बोलले, माझेच डोळे भरून आले. आजीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भिंत तोंडानं पुसलीस का?"

मामांनी मान हलवून नाही म्हटलं.

"हातानं पुसलीस ना? मग तोंडानं काय सांगतोस?"

आणि उठून आत गेली. आम्ही स्कूटीवर परत निघालो. आमच्या पाड्याच्या वळणावर आल्यावर मामा मागून म्हणाले, "बाय, म्हातारीनं दार उघडलं." मला वाटलं, मामांना ऊन लागलंय.

भाताची कापणी झाली, झोडणी झाली, लग्नांचे दिवस आले. आजीच्या मुलाच्या मुलाचं लग्न निघालं, जुन्या रीतीने. लग्नाला चार दिवस असताना मामांनी वाडीतून सुट्टी घेतली, गेरू विकत घेतला आणि पहाटेच्या पहिल्या टमटमने आजीचा पाडा गाठला. मी अंगणवाडीतलं माझं काम उरकून दुपारी गेले, कारण मला राहवेना. बघते तर काय, आमचे पंच धोतर खोचून, कोपरापर्यंत शेणात, आजीच्या घराची भिंत सारवतायत! आमच्याकडे भिंत सारवणं हे बायकांचं काम. लग्नाची भिंत तर फक्त बायकांचीच. पाड्यातल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक जण म्हणाली, "मामा, बांगड्या आणू का?" मामा म्हणाले, "आण. पण गेरू आधी कालव."

आजी आतल्या खांबाला टेकून बसली होती. तिने मदत करू दिली नाही, मलाही नाही. मामा सारवायचे, ती बघायची. संपलं असं वाटून मामा मागे सरले की ती काठीने दाखवायची, "तो कोपरा राहिला." मामा पुन्हा वाकायचे. "वरचं बघ. फुगा आलाय." मामा पुन्हा हात फिरवायचे. मामांची पाठ वाडीतल्या कामाने आधीच गेलेली, उभं राहताना तोंडातून हाय निघायची. उन्हं कलली तेव्हा भिंत वाळून गुळगुळीत झाली होती. आजी उठली, भिंतीपाशी गेली, सगळ्या भिंतीवरून सावकाश तळहात फिरवला आणि सुनेला म्हणाली, "याला भाकर वाढ." मग मामांकडे वळून म्हणाली, "लग्नाला ये. तुझ्या बायकोला आण. आणि जा आता तुझ्या देवाकडं. मी काय तुला धरून ठेवलंय?"

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ओंजळीत तोंड लपवून लहान पोरासारखे रडले. बायका हसायच्या थांबल्या. माझं काय झालं ते विचारू नका.

शिमोनकाकांना अर्थातच कळलं. सभा बोलावली. "पंचानं चौकासाठी भिंत सारवली. हे आपल्या धर्मात बसतं का?" मामा उभे राहिले. "मी भिंत सारवली, शिमोन. पूजा केली नाय. पुसायला माझा हात चालला तेव्हा तू साहेबांची शाबासकी मिळवून दिलीस. आता सारवायला का चालत नाय ते सांग." शिमोनकाकांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "त्या दिवशी कानात मीच सांगितलं होतं." आणि पुढच्या प्रभुभोजनाला, मामांनी ते वाक्य म्हणायच्या आधीच, तेच उठून चिंचेखाली जायला निघाले. मामांनी त्यांना दारातच अडवलं, हाताला धरून आत आणलं, कारण शिमोनकाकांचा तंटा ज्यांच्याशी, ते मामाच समोर उभे होते. त्याच रविवारी देवजीकाका बायकोला घेऊन आले. मग मामा मेजापाशी उभे राहून ते वाक्य म्हणाले, थांबले, दाराकडे बघितलं, आणि जागचे हलले नाहीत. सगळ्या मंडळीने एकदम श्वास सोडला तो मला मागच्या चटईवर ऐकू आला.

पुढे मामा थकले तेव्हा नवा पंच निवडायची वेळ आली. मामांनी माझं नाव घेतलं. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. एक तर आमच्याकडे बाई कधी पंच झाली नव्हती, आणि दुसरं म्हणजे माझा स्वभाव! अंगणवाडीच्या मीटिंगमध्येसुद्धा मी दोघींशी भांडून येते. मामा म्हणाले, "तुझा राग मोठा हाय, ते बरंच हाय. तू चुकलीस की सगळ्यांना ऐकू जाईल. गोड बोलणारा पंच चुकला तर कळतच नाय, मंडळी त्याच्या मागं मागं खड्ड्यात." याला कौतुक म्हणायचं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मी पंच झाले. गेली काही वर्षं ते वाक्य मी म्हणते. म्हणायच्या आधी क्षणभर थांबते, आणि कोण कोण बाहेर जाईल याची नव्हे, आधी माझीच चाचपणी करते. पुढे उभं राहणाऱ्याने आधी स्वतःला विचारायचं असतं. हे मला कुठल्या शिबिरात शिकवलं नाही. शिबिरात आम्हाला माइक कसा धरायचा ते शिकवलं.

मामा गेल्या उन्हाळ्यात गेले. पंच म्हणून दफनाची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. खड्ड्याला माणसं, पाहुण्यांना पाणी, मामींना कोण धरेल, सगळं बघता बघता रडायला फुरसत नव्हती. डहाणूहून पाळकसाहेब आले. सगळा पाडा लोटला होता, मंडळीतला आणि मंडळीबाहेरचा. आणि डोंगराकडून एक टमटम भरून माणसं आली. त्यातून आजी उतरली. आता तिला नीट दिसत नव्हतं, दोघींनी धरून आणलं. आमच्या चर्चच्या उंबऱ्यापाशी ती थांबली आणि विचारलं, "मी कुठं बसू?" मी तिला आत आणून पुढच्या चटईवर मामींच्या शेजारी बसवलं. कुणाची हूं की चूं नाही, शिमोनकाकांनी तर आपली जागा सरकून दिली.

पाळकसाहेब बोलायला उठले. त्यांचं मामांवर मनापासून प्रेम होतं, आणि प्रेमात माणूस जरा जास्तच बोलतो. म्हणाले, "बंधुभगिनींनो, असा निष्कलंक पंच पुन्हा होणे नाही. या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाचं मन दुखावलं नाही."

"माझं दुखावलं," आजी म्हणाली.

सगळं चर्च गार. पाळकसाहेबांचा हात तसाच वर राहिला. मी आजीला थोपवायला निम्मी उठले, पण मामींनी माझा पदर धरून मला खाली बसवलं.

आजी कुणाकडेच बघत नव्हती. खड्या आवाजात, शंभर लग्नांत गायलेल्या त्या आवाजात म्हणाली, "मेलेल्या माणसासमोर खोटं नका बोलू. चुकला होता तो. जाम चुकला होता. चुकणारे पायलीला पन्नास मिळतात, बाबा. चुकून परत येणारा मी हा एकच बघितला."

मग माझ्या शेजारून मामींचा बारीक आवाज आला, "आमेन." आणि त्यांच्यामागून अख्खी मंडळी, शिमोनकाका, देवजीकाका, स्तेफन, मी आणि शेवटी पाळकसाहेबसुद्धा, आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "आमेन."